फोटो लहान करायचा म्हणजे नेमकं काय लहान करायचं?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचा पक्षी बघत हिंडणाऱ्यांचा एक छोटा गट आहे आणि त्याची साधीशी वेबसाइट आहे. ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण ज्या मीटिंगमध्ये ते ठरलं तिला मी गैरहजर होतो.

एका पानावर ३८ फोटो आहेत. मोबाइलमधून जसे आले तसेच चढवले होते, प्रत्येकी ५ एमबीच्या आसपास. पान उघडेपर्यंत खरा पक्षी घरटं बांधून मोकळा होईल. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्रेस कर. मी एका ऑनलाइन टूलमध्ये सगळे घातले आणि क्वालिटी ४० वर आणली. आता आकाशात चौकोनी डाग दिसतात, पंखांच्या कडेला मुंग्या आल्यासारखं दिसतं, आणि एवढं करून एकेक फोटो सव्वा एमबीचा आहेच. मग दुसरा म्हणाला, पीएनजीची क्वालिटी चांगली असते. म्हणून त्या डागाळलेल्या फोटोंचं पीएनजी केलं. एक फाइल ११ एमबीची झाली आणि डाग होते तिथेच.

कॉम्प्रेस, रिसाइझ, कन्व्हर्ट हे तीन शब्द सारखे कानावर पडतात. मला तिन्ही एकच वाटतात. कुणी जाणकार क्रम सांगेल का?

जुनी_पाटी

तिन्ही वेगळी आहेत, आणि तुम्ही शेवटचं आधी केलंत, मधलं मध्येच केलंत आणि पहिलं केलंच नाहीत.

रिसाइझ म्हणजे पिक्सेलांची संख्याच बदलणं. कन्व्हर्ट म्हणजे तेच चित्र दुसऱ्या लिपीत लिहिणं. कॉम्प्रेस म्हणजे त्या लिपीत किती काटकसरीने लिहायचं ते ठरवणं. करायचं याच क्रमाने.

तुमचा फोटो ४००० बाय ३००० असणार, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पानावर मजकुराचा रकाना किती रुंद आहे? समजा ७२०. दाट पिक्सेलांच्या पडद्यांसाठी दुप्पट धरा, १४४०. मग १४४० बाय १०८० चे साधारण साडेपंधरा लाख पिक्सेल होतात, मूळच्या आठव्या हिश्शाहून किंचित जास्त. उरलेले एक कोटीहून जास्त पिक्सेल वाचकाकडे जातात आणि ब्राउझर ते तिथे फेकून देतो. क्वालिटी ४० वर आणून तुम्ही हे फेकायचे पिक्सेलसुद्धा जपून ठेवलेत आणि ठेवायचे होते ते खराब केलेत.

आणि नुसत्या डाउनलोडचाच प्रश्न नाही. फाइल कितीही लहान करा, पडद्यावर दाखवताना ती उलगडावी लागते. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर तुमचा एक फोटो मेमरीत ४८ एमबी होतो. फाइल ५ एमबीची असो की सव्वा एमबीची, उलगडल्यावर ४८ च. ब्राउझर सगळे एकदम उलगडत नाही हे नशीब, पण स्क्रोल करताना जुने फोन का अडखळतात ते यावरून कळेल. १४४० ला आणलंत की हाच आकडा ६ एमबीच्या थोडा वर येतो.

तिरपागडा

म्हणजे पाटीकाका, क्वालिटी कमी करणं हे आख्खी गादी बॅगेत कोंबण्यासाठी बॅगेवर बसण्यासारखं. मुळात गादी न्यायचीच नव्हती.

ठोकताळा

सगळं बरोबर, पण मूळ मुद्दा राहिला. वेबसाठी फोटो ७२ डीपीआयचा हवा. मी गेली कित्येक वर्षं आधी ७२ करतो आणि फाइल लहान होते.

जुनी_पाटी

ठोकताळेसाहेब, तुमच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत डीपीआय बदलताना खाली "रीसॅम्पल"वर खूण असते. त्यामुळे ३०० चे ७२ केले की ते पिक्सेलही त्याच प्रमाणात कमी करतं, आणि श्रेय डीपीआयला मिळतं. ती खूण काढा आणि ७२ करा. पिक्सेल तितकेच राहतील, फाइल जिथल्या तिथे राहील. डीपीआय ही छापखान्याला दिलेली सूचना आहे, एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याची. पडद्यावर पिक्सेल मोजले जातात. ७२ हा आकडा १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरून रूढ झाला, तिथे खरंच इंचाला ७२ पिक्सेल होते. तो पडदा गेला, आकडा राहिला.

ठोकताळा

आत्ता करून बघितलं. खूण काढली, फाइल हलली नाही. इतकी वर्षं मी रिसाइझच करत होतो तर.

अक्षरवेडी

पीएनजीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पीएनजी "चांगला" आहे असं म्हणतात ते एवढ्यासाठी की तो काहीच टाकून देत नाही. दिलेला प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत देतो. त्यामुळे पाणवठा, तुमचे डागसुद्धा त्याने इमानेइतबारे जपले. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फॉरमॅटने टाकून दिलेली माहिती पीएनजी केल्याने परत येत नाही, ती मूळ फोटोतूनच आणावी लागते. १९९६ मध्ये पीएनजी आला तो जीआयएफला पर्याय म्हणून. जीआयएफमध्ये २५६ च रंग, शिवाय त्यातल्या कॉम्प्रेशनच्या पेटंटचं लचांड होतं. पीएनजी फोटोंसाठी नव्हेच. सपाट रंग, रेघा आणि अक्षरं ही त्याची जागा.

उलट चूक मी रोज बघते. लोक मराठी मजकुराचा स्क्रीनशॉट जेपेगमध्ये टाकतात. काल एका सूचनेत पांढऱ्यावर लाल अक्षरांत "वर्षारंभ" लिहिलेलं होतं. मी तो ४०० टक्के मोठा करून बघितला. "र्षा"वरचा रफार गुलाबी ढग झाला होता, "रं"वरचा अनुस्वार शिरोरेषेत मिसळून गेला होता. काळ्या अक्षरांचं इतकं वाईट होत नाही. कारण जेपेग उजेड आणि रंग वेगळे करतो, उजेड पूर्ण ठेवतो आणि रंग बहुतेक वेळा चार पिक्सेलांना मिळून एकच लिहितो. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला कमी, म्हणून फोटोत ही चोरी खपून जाते. लाल रफार दोन पिक्सेल जाड असेल तर मात्र त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात वाटला जातो.

इमेजमॅजिक या फोटो बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटी ९० किंवा वर ठेवली की ही रंगाची कपात आपोआप बंद होते. पण मुळात अशा चित्राला पीएनजी किंवा लॉसलेस (काहीच न टाकणारा) वेबपी वापरा. आणि अगदी मुळात, मजकूर मजकुरासारखा टंका ना! चित्रातली अक्षरं शोधता येत नाहीत, कॉपी करता येत नाहीत आणि ज्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं त्यांना ती नसल्यातच जमा.

रानभूल

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

पाणवठा

अक्षरताई, पाटीकाका, धन्यवाद. आता फॉरमॅट कोणता? जेपेग, वेबपी, एव्हीआयएफ असे तीन पर्याय टूलमध्ये दिसतात. आणि एक गोंधळ आहे. एका सदस्याचे फोटो एचइआयसी आहेत. मी फाइलच्या नावात शेवटी जेपीजी लिहिलं, तरी निम्म्या लोकांना ते दिसत नाहीत.

तिरपागडा

दारावरची पाटी बदलली म्हणून आतला माणूस बदलत नाही. (पाटीकाका, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

शून्यबाइट

एचइआयसी आयफोनवर २०१७ पासून आहे, पण बहुतेक ब्राउझर ते दाखवत नाहीत. टूलमध्ये उघडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नव्याने सेव्ह करावं लागेल, नाव बदलून भागणार नाही.

फॉरमॅटचं माझं मत सरळ आहे. फोटोंना एव्हीआयएफ. विषय संपला. आकाशासारख्या हलक्या उतरत्या रंगछटा जेपेगमध्ये पट्टे पाडतात, एव्हीआयएफ त्या सुरेख सांभाळतो, आणि फाइलही त्याचीच सगळ्यात लहान होते. क्रोममध्ये २०२० ला आला, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, सफारीत २०२२ ला. आता कोणासाठी थांबायचं?

जुनी_पाटी

विषय इतक्यात संपत नाही. एव्हीआयएफ व्हिडिओच्या कोडेकमधून (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीतून) आलाय, एव्ही१ मधून, आणि दाब वाढवला की बारीक पोत गुळगुळीत करून टाकायची सवय त्याच्यासोबत आली. जेपेग बिघडला की डाग दिसतात, म्हणजे चोरी झाली हे तरी कळतं. एव्हीआयएफ बिघडला की चित्र स्वच्छ दिसतं, फक्त छातीवरच्या पिसांच्या बारीक रेघा नाहीशा झालेल्या असतात. पक्षी ओळखणाऱ्यांच्या साइटवर हे चालणार नाही. एन्कोड करायलाही वेळ लागतो, ३८ फोटोंना हरकत नाही, हजारो असतील तर जाणवेल.

शून्यबाइट

क्वालिटी फार उतरवली तरच. मूळ फोटो शेजारी ठेवून बघा की.

जुनी_पाटी

तेच म्हणतोय, बघा. क्वालिटीचा आकडा वाचून निर्णय घेऊ नका. तो टक्केवारी नाही. ८० म्हणजे ८० टक्के चित्र शिल्लक, असं काही नसतं. जेपेगमध्ये त्या आकड्यावरून फक्त किती ढोबळ गोळाबेरीज करायची ते ठरतं, आणि जेपेगचे ८०, वेबपीचे ८० आणि एव्हीआयएफचे ८० या तीन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. दोन जेपेग सॉफ्टवेअरांचे ८० सुद्धा जुळतील असं नाही. ९५ च्या पुढे फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला काही कळत नाही, एवढं मात्र कुठेही लागू आहे. १०० कधीच नको.

मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात अवघड फोटो घ्यायचा: बारीक पिसं, मागे आकाश. तो आधी १४४० ला आणायचा. मग ८५, ७५, ६५ अशा तीन प्रती काढायच्या आणि शंभर टक्के आकारात मूळ प्रतीशी ताडून बघायच्या. जिथे फरक पहिल्यांदा जाणवतो त्याच्या एक पायरी वर थांबायचं. मग तोच आकडा सगळ्यांना. स्क्वूश नावाचं टूल ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे पाठवत नाही, आणि मध्ये सरकता पडदा ठेवून दोन्ही बाजू दाखवतं. ते यासाठी झकास आहे.

पाणवठा, तुमच्यासाठी वेबपी पुरे. गूगलने २०१० मध्ये आणला, सफारीने २०२० मध्ये घेतला, त्यामुळे आता सगळीकडे दिसतो. फक्त लॉसी (माहिती टाकून देणाऱ्या) वेबपीत रंगाची ती चाराला एक कपात कायमच असते, बंद करता येत नाही. तेव्हा अक्षरताईंचा लाल रफार त्यात घालू नका.

ठोकताळा

मी अजून जेपेगच वापरतो. १९९२ चं मानक आहे आणि कुठेही उघडतं. लिंक पाठवल्यावर जे छोटं चित्र दिसतं त्यासाठी तर जेपेगच ठेवा.

शून्यबाइट

याला मात्र अनुमोदन. आणि जेपेगच ठेवायचा असेल तर मॉझजेपेग नावाच्या सॉफ्टवेअरने काढा, त्याच दर्जाला फाइल थोडी बारीक होते. अवांतर: जेपेग एक्सएल या नव्या फॉरमॅटने जुने जेपेग एक बिटही न गमावता साधारण २० टक्के लहान होतात. पण क्रोमने प्रायोगिक आधार दिला आणि २०२२ च्या शेवटी काढून टाकायचं ठरवलं. त्यावर मी वेगळा धागा काढला होता, तिथे बरीच डोकेफोड झालीय, इथे नको.

रानभूल

मी या धाग्यावर वाचनमात्र राहणार होते, पण पक्षी म्हटल्यावर राहवलं नाही. पाणवठा, तुमच्या साइटवर घरट्यांचे फोटो आहेत का?

असतील तर आज रात्री आधी एक काम करा. मूळ फाइल डाउनलोड करून तिची माहिती उघडा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या आत लिहिलेले असतात. आमच्या गटात हे घडलंय. टिटवीच्या अंड्यांचा फोटो होता, जमिनीवरच असतात ती. खाली आम्ही मोठ्या शहाणपणाने "जागा मुद्दाम दिलेली नाही" असं लिहिलं होतं. जागा फाइलमध्ये होती, काही मीटरच्या अंतरापर्यंत अचूक. एका शाळकरी मुलाने दाखवून दिलं तेव्हा आम्हाला कळलं.

कापलेल्या फोटोंचंही बघा. काही सॉफ्टवेअर फोटो कापतं पण आत दडलेला छोटा नमुना-फोटो तसाच ठेवतं. बाहेर फक्त अंडी, आत अख्खा परिसर.

पाणवठा

बघितलं. ३८ पैकी २३ मध्ये लोकेशन आहे. त्यात चार घरटी. आत्ताच ते पान बंद करून ठेवलंय. रानभूल, खरंच आभार.

जुनी_पाटी

चांगलं केलंत. पण घाईघाईत सगळी माहिती सरसकट पुसू नका, तिथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलोय.

पहिला. फोन आडवा-उभा कसा धरला होता ते पुष्कळदा फोटोच्या पिक्सेलांत नसतं, त्याच माहितीत एक खूण असते: "दाखवताना फिरवा". ती पुसली की उभे फोटो आडवे होऊन पडतात. म्हणून आधी फोटो खरोखर फिरवून घ्यायचा, मग माहिती पुसायची. इमेजमॅजिकमध्ये ऑटो-ओरिएंट (फिरवणं) आधी, स्ट्रिप (पुसणं) नंतर.

दुसरा खड्डा रंगांचा. बऱ्याच नव्या फोनचे फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या रुंद रंगपट्ट्यात असतात आणि ते कसे वाचायचे त्याची प्रोफाइल फाइलमध्ये असते. स्ट्रिप केलं की ती प्रोफाइलही जाते. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी (पडद्यांचा नेहमीचा, अरुंद रंगपट्टा) समजून वाचतो आणि हिरवा पोपट आजारी दिसायला लागतो. आधी एसआरजीबीत रूपांतर करा, मग पुसा.

आणि इमेजमॅजिकची मॉग्रिफाय ही आज्ञा वापरणार असाल तर ती मूळ फाइलवरच लिहिते. वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर विचारणार नाही, सांगणार नाही. मी एका संध्याकाळी सहाशे फोटो ८०० पिक्सेल रुंदीचे करून टाकले. त्यांतले निम्मे दुसरीकडे कुठेच नव्हते. तीन वर्षांनी मोठे पडदे आले तेव्हा ते मोठे करायची वेळ आली, आणि कशातून करणार? मूळ फोटोंना हात लावायचा नाही. दर वेळी मूळ प्रतीतून नवी प्रत काढायची. कॉम्प्रेस केलेल्याला परत कॉम्प्रेस करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

तिरपागडा

पाटीकाका, सहाशे फोटोंना भावपूर्ण श्रद्धांजली.

जुनी_पाटी

हस लेका. त्यात तुझेही होते.

शून्यबाइट

एचटीएमएलचं थोडं सांगून टाकतो. इमेजच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहाच, म्हणजे फोटो यायच्या आधी ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचताना मजकूर धपकन खाली सरकत नाही. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी (वाचक जवळ आला की मगच उतरवा, अशी सूचना) लावा, पण पहिल्या मोठ्या फोटोला नको. तो लगेच हवा असतो, त्याला आळशी केलंत तर पान उलट हळू वाटतं. आणि सोर्ससेटमध्ये (एकाच फोटोच्या लहान-मोठ्या प्रतींच्या यादीत) ४८०, ९६०, १४४० अशा तीन रुंदीच्या प्रती द्या, सोबत साइझेसही (पानावर फोटो किती रुंद दिसणार ते) नीट लिहा. ते लिहिलं नाही तर ब्राउझर धरतो की फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनासाठीसुद्धा मोठी प्रत ओढतो. हे मी जितक्या ठिकाणी चुकलेलं बघतो तितकं दुसरं काही नाही.

फोटो बदललात तर फाइलचं नावही बदला. नाहीतर लोकांच्या ब्राउझरमध्ये जुनाच साठवलेला दिसेल आणि तुम्ही आमच्या नावाने शंख कराल.

अक्षरवेडी

आणि आल्ट मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यांसाठीचं वर्णन. "आयएमजी ००४७" नव्हे. कोणता पक्षी, काय करतोय, एवढं तरी.

पाणवठा

चार दिवसांनी परत आलोय. वृत्तांत देतो.

सगळ्यांकडून मूळ फोटो पुन्हा मागवले. (दोघांनी मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवले, ते आधीच लहान होऊन आले. त्यांना परत मागितले.) फिरवले, एसआरजीबी केले, माहिती पुसली, १४४० ला आणले, वेबपी ७८. आकडा पाटीकाकांच्या रीतीने डोळ्यांनी ठरवला, ७० ला पिसं मिटायला लागली होती. पानावर आता आधी ४८० च्या प्रती दिसतात आणि टिचकी मारली की मोठी उघडते. आधी सगळं पान १९० एमबीच्या आसपास होतं. आता ३८ छोट्या प्रती मिळून दीड एमबीसुद्धा नाहीत, आणि मोठी प्रत एकेक २०० ते २५० केबीची. माझ्या जुन्या फोनवर पान झटकन उघडतं.

एक सोडून. गवतात बसलेल्या टिटवीचा एक फोटो आहे, तोच आकार, तोच आकडा, पण फाइल ६१० केबीची. इतरांच्या अडीचपट. तीनदा करून बघितलं. माझं काय चुकतंय?

जुनी_पाटी

काही चुकत नाहीये. गवत महाग असतं.

या पद्धती चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडतात, जेपेग ८ बाय ८ चे. प्रत्येक चौकोनातला चढउतार मंद ते जलद लहरींमध्ये मांडला जातो. आकाशाच्या चौकोनात एखादीच मंद लहर, बाकी शून्य, आणि शून्यांची रांग लिहायला जवळजवळ काहीच लागत नाही. गवताच्या चौकोनात सगळ्या लहरी हजर. फारच थोड्या शून्य होतात. सावलीत काढला असेल तर वर सेन्सरची खरखरही असते, आणि एन्कोडरला ती खरखर म्हणजे मोलाचा ऐवज वाटतो. दाणेदारपणा दिसत असेल तर १४४० ला आणायच्या आधी मूळ प्रतीवर हलकं डीनॉइज (खरखर कमी) करून बघा. नुसतं गवतच असेल तर मागचं गवत थोडं कापता येतं का बघा.

पाणवठा

डीनॉइज केलं, ५३० वर आलं. कापायला गेलो तर लक्षात आलं, डाव्या कोपऱ्यात गवताच्या आड पिल्लू आहे. चार दिवस हाच फोटो बघतोय आणि आत्ता दिसलं.

रानभूल

मग राहू दे की ५३०.